भाव आम्हीच सांगणार : एका गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
पुण्याच्या पश्चिमेकडची एक मोठी गृहनिर्माण संस्था.
तसेच, असाच ठराव करण्याच्या विचारात असलेल्या शहरातल्या इतर समित्या.

विषय : रविवारच्या शेतकरी बाजाराची जागा कंपनीला दिल्याबाबत.

स. न. वि. वि.

तुमच्या गेटवर लावलेली सूचना वॉचमनदादांनी फोटो काढून पाठवली म्हणून आम्हाला कळली. येत्या महिन्यापासून रविवारी सकाळी आवारात शेतकऱ्यांनी थेट भाजी-फळं विकायची नाहीत. ती जागा एका कंपनीला भाड्यानं दिली आहे. इच्छुक शेतकऱ्यांनी त्या कंपनीकडे नाव नोंदवून 'सहभागी' व्हावं. खाली सही आणि शिक्का. ज्यांची जागा गेली त्यांना पत्र नाही, फोन नाही. सूचना तुम्ही चारचौघांत लावलीत, तेव्हा उत्तरही चारचौघांत देते आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तिथं माझी गिऱ्हाइकं राहतात आणि त्यांची शोभा मला करायची नाही. शिवाय अशी सूचना लावणारे तुम्ही एकटे नाही.

मी पुरंदर तालुक्यातली शेतकरी. दिवे घाट चढून आलं की सासवडच्या अंगाला आमचं गाव लागतं. अडीच एकर रान, एक विहीर, थोडी अंजिराची बाग, बांधाला सीताफळं. पावसाळ्यात वाटाणा, बाकी वर्षभर मेथी, कोथिंबीर, शेपू, घेवडा, वांगी असं आलटूनपालटून. तुमच्यातले बरेच जण मला 'अंजीरवाल्या ताई' म्हणून ओळखतात. खुद्द अध्यक्षसाहेबांच्या घरी गेल्या मीठा बहारात, म्हणजे अंजिराच्या उन्हाळी हंगामात, दर रविवारी अंजिरं गेली आहेत. पैसे रोख, उधारी कधी नाही. हे मी कौतुकानंच लिहिते आहे.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं फळाचं नाव कागदावर लागलं, फळाचा स्वभाव तोच राहिला. झाडावर पिकलेलं अंजीर एक-दोन दिवसांच्या वर टिकत नाही. तोडणी उजाडायच्या सुमारालाच करावी लागते, ऊन चढलं की फळ मऊ पडतं. देठातून पांढरा चीक गळतो. तो बोटांना लागत राहिला की कातडी जळते आणि सोलते. तोडलेलं फळ पाटीत अंजिराच्याच पानांवर एकेरी मांडायचं, वर पुन्हा पानं. लांबच्या व्यापाऱ्याला पाठवायचं अंजीर थोडं आधी, कच्चट असताना तोडतात, म्हणजे प्रवास सोसतं. तुमच्या घरी येतं ते पिकून मान टाकलेलं असतं, खालचा डोळा जरासा उघडलेला, आत मध सुटलेला. असं फळ विकायचं तर पिकवणारा आणि खाणारा ह्यांच्यामध्ये कोणाला थांबायला वेळच नसतो. हे मी कंपनीच्या माणसालाही सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे मॅडम, माल शनिवारी संध्याकाळी केंद्रावर जमा करा."

तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही कसे विकत होतो तेही सांगते, नाहीतर माझी तक्रार नुसती टेबल मांडायच्या जागेची वाटेल.

आमच्याकडे उचल नावाचा प्रकार असतो. बियाणं घ्यायचंय, फवारणीचं औषध आणायचंय, घरात कोणी आजारी आहे, मुलीचं लग्न काढलंय, तर बाजारातल्या गाळ्यावरचा अडत्या, म्हणजे आमचा माल विकून देणारा दलाल, पैसे देतो. कागद नाही, व्याजाची बोलणी नाहीत, वर चहा पाजतो. अट एकच, आणि तीही न बोललेली : माल दुसरीकडे जाता कामा नये. मग आपण रात्री टेम्पो भरून पाठवायचा. पहाटे तिकडे मालाचं काय होतं ते बघायला आपण नसतो. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या हातून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, येते. पट्टीवर किती डाग (म्हणजे पोती-पाट्या), काय भाव, आणि त्याखाली हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं, बारदाना. वजनातून कडता, म्हणजे घट म्हणून कापलेलं वजन, आधीच गेलेला. मेथीचा भाव शेकड्यावर निघतो. शेकडा तीनशे निघाला तर जुडीला तीन रुपये, आणि त्यातच मेथी काढणाऱ्या बाईची हजेरी आणि टेम्पोचं भाडं. कधी उलटी पट्टी येते, म्हणजे माल देऊन वर आपणच देणं लागतो. खोटं वाटत असेल तर २०२३ चा फेब्रुवारी आठवा. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापुरात ५१२ किलो कांदा विकला, आणि सगळा खर्च वजा जाऊन त्याच्या हातात २ रुपयांचा धनादेश पडला. वर्तमानपत्रांत छापून आलं होतं ते.

आमचा अडत्या माणूस म्हणून वाईट नव्हता. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री घरी पैसे घेऊन आला होता, हे मी विसरणार नाही. पण भाव त्यानं सांगायचा आणि मान आम्ही हलवायची, हे ठरलेलं. रानात काय पेरायचं तेही हळूहळू तोच सांगायला लागला होता. उचल असली की माणूस आपल्याच बांधावर सालगडी होतो.

तुमच्या आवारात टेबल मांडलं तेव्हा भाव पहिल्यांदा मी लिहिला. लहान फळ्यावर, खडूनं. कसा काढला तेही सांगते, त्यात गुपित काही नाही. त्या दिवशीचा घाऊक भाव काय निघाला ते फोनवर बघायचं, तुमच्या कोपऱ्यावरच्या गाडीवर काय भाव चाललाय ते येताना बघायचं, आणि ह्या दोन्हींच्या मधे आपला आकडा धरायचा. तुम्हाला गाडीपेक्षा थोडं स्वस्त, मला गाळ्यापेक्षा बरंच जास्त. रिझर्व्ह बँकेनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हटलंय की गिऱ्हाईक टोमॅटोला शंभर रुपये देतं तेव्हा शेतकऱ्याच्या हाती ३३ रुपये येतात, कांद्याचे ३६, बटाट्याचे ३७. मधल्या रकमेत मेहनत कोणाचीच नाही असं मी म्हणत नाही. हमालाची आहे, ड्रायव्हरची आहे, गाडीवाल्याची आहे. पण रविवारी त्यातली बरीचशी मेहनत मी स्वतः करते, तर तेवढे पैसे माझे.

त्या पैशांतून उचल फिटली. नंतर पुढच्या मोसमासाठी अडत्या पुन्हा पैसे घेऊन आला. त्याला चहा दिला, पैसे घेतले नाहीत. आजही थोडा माल त्याच्याकडे जातो, वाटाणा भरपूर निघाला की सगळा काही तुमच्याकडे खपत नाही. पण आता भाव पडलेला असला तर मी फोनवर विचारते आणि पाठवत नाही. मला स्वातंत्र्य कशात वाटतं असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन : 'ह्या भावाला देत नाही' असं म्हणून पाटी परत टेम्पोत ठेवता यावी, आणि तरी संध्याकाळी घरात चूल पेटावी. ह्याच्यापुढचं स्वातंत्र्य ज्यांचं त्यांनी बघावं.

इथं एक गैरसमज दूर करते. तुमच्यातली काही तरुण मंडळी येऊन मला सांगतात की ताई, तुमचं आयुष्य किती छान, सगळं घरचं, कोणावर अवलंबून नाही. बाबांनो, मीठ, तेल, चहापत्ती, डिझेल, ठिबकच्या नळ्या, मुलीची फी, सगळं विकतच आहे. पिकवून पोट भरेल, आयुष्य चालत नाही. त्याला विकावंच लागतं. म्हणून विकण्याची वाट जो अडवतो तो पिकवण्याचीही अडवतो. आणि घरातल्या बाईच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे. गाळ्यावरची पट्टी नेहमी सासऱ्यांच्या नावानं यायची, नंतर नवऱ्याच्या. जमीन त्यांच्या नावावर, पट्टी त्यांच्या नावावर, आणि वाफ्यात दिवसभर वाकलेली मी. तुमच्या इथल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी माझं खातं मोबाईलला जोडून दिलं आणि स्कॅन करायचा कागद लॅमिनेट करून आणला. त्यावर माझं नाव आहे. माझ्या घरात त्या कागदानं काय काय बदललं ते लिहायला वेगळं पत्र लागेल.

सासरे आता थकलेत. त्यांच्या ट्रंकेत शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला अजून जपून ठेवलेला आहे. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले आणि तिथून कांद्याच्या भावाचं आंदोलन उभं राहिलं, तेव्हा सासरे ऐन तिशीत होते. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा ते अजून खणखणीत आवाजात देतात. तुमची सूचना मी त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, आम्ही सरकारशी भांडलो, तुला सोसायटीशी भांडायचंय, तुझं अवघड आहे.

त्यांचं म्हणणं बरोबर आहे, कारण सरकारनं ही वाट कागदावर तरी मोकळी करून दिलेली आहे. १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा होता, त्याच्या नियमनातून राज्य सरकारनं जुलै २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाहेर काढला. त्याच वर्षी संत सावता माळी ह्यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजाराचं अभियान सुरू झालं. पुण्यात पिकवणाऱ्यानं शहरात येऊन विकणं हे काही नवीनही नाही. मंडईला ज्या महात्मा फुल्यांचं नाव आहे त्यांच्या घरचा धंदाच फुलांचा आणि भाजीचा. थोडक्यात, कायद्याची हरकत नाही, शहराच्या रीतीची नाही. वाट अडली ती तुमच्या गेटपाशी.

आता तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली तक्रार, विचारलं नाही ह्याची. २०२० च्या टाळेबंदीत मोठा बाजार बंद पडला तेव्हा तुमच्याच समितीचा फोन आमच्या गावात आला होता. भाजी कशीही करून आणा, म्हणालात. टेम्पोला पोलिसांनी अडवू नये म्हणून तुम्ही लेटरहेडवर पत्र दिलंत, त्यात आम्हाला 'अत्यावश्यक सेवा' म्हटलंय. ते पत्र मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंय. गेटबाहेर पिशव्या मांडून आम्ही लांब उभे राहायचो आणि एकेका घरातून एकेक माणूस येऊन न्यायचा. तेव्हा कंपनी कुठं होती हे मी विचारत नाही, ती बिचारी जन्मालाही आली नसेल. पण २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आहेत, म्हणजे ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याला विचारल्याशिवाय ठरवू नये एवढं तत्त्व देशानं मान्य केलंय. आम्हाला चाळीस टक्के नकोत, एक फोन पुरला असता.

दुसरी तक्रार कंपनीच्या अटींची, आणि ही सगळ्यात मोठी आहे. तुम्ही सूचनेत 'सहभागी व्हावे' असं लिहिलंत. त्या सहभागाचा कागद तुमच्यापैकी किती जणांनी वाचलाय? मी वाचलाय, मुलीकडून दोनदा वाचून घेतलाय, कारण तो इंग्रजीत आहे. भाव दर शुक्रवारी रात्री कंपनी ठरवणार आणि मोबाईलवर कळवणार. विक्रीतले २५ टक्के कंपनीचे. न खपलेला माल शेतकऱ्यानं आपल्या खर्चानं परत न्यायचा. पैसे पंधरा दिवसांनी. टेबलामागे शेतकऱ्यानं उभं राहायचं असेल तर कंपनीचा टी-शर्ट घालून, आणि गिऱ्हाइकाशी भावाबद्दल बोलायचं नाही. आणि शेवटची अट अशी की करार असेपर्यंत दोन किलोमीटरच्या आत दुसरीकडे कुठं माल विकायचा नाही. मला सांगा, अडत्यापेक्षा हे वेगळं कसं? तो निदान चहा पाजायचा. ह्यांच्या बॅनरवर मात्र फेटा बांधलेल्या हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र आहे आणि वर लिहिलंय 'थेट शेतातून'.

कंपनीनं धंदा करू नये असं माझं म्हणणं नाही. शहर मोठं आहे, सगळ्यांना रविवारी खाली उतरून मेथी निवडून घ्यायला वेळ नसतो. घरपोच पाहिजे त्यांनी घरपोच घ्यावं. माझी हरकत आहे ती फक्त एकाच विक्रेत्याला जागा देऊन बाकीच्यांना बाहेर काढण्याला. कंपनीला आपल्या मालाची खात्री असेल तर तिनं माझ्या शेजारी टेबल मांडावं. मी सरकून जागा देते.

तिसरी तक्रार कागदांची. तुमच्या व्यवस्थापकांनी मागच्या महिन्यात आम्हाला अन्न परवाना आणि जीएसटी क्रमांक मागितला. मुळशीहून आंबेमोहोर घेऊन येणारे काका त्या दिवशी घाबरून परत गेले, ते आलेच नाहीत. म्हणून नीट लिहिते. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानं शेतकऱ्याला आणि त्याच्या शेतावरच्या पिकाला कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेलं आहे. त्या कायद्याच्या कलम १८ मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. जीएसटीचं म्हणाल तर स्वतःच्या कसलेल्या जमिनीतलं पीक विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही आणि ताज्या भाजीवर कर शून्य आहे. मी लोणचं विकायला आणलं तर परवाना जरूर मागा. मेथीच्या जुडीला मागू नका. खरोखर तपासायचं असेल तर सातबारा बघा, त्यावरची पीकपाहणी बघा, म्हणजे विकणारा पिकवणाराच आहे की मार्केटातून उचलून आणून शेतकरी म्हणवतोय ते कळेल. तसे लोक असतात, आम्हालाही त्यांचा त्रास होतो. आणि वजनकाट्यावरचा ह्या वर्षीचा शिक्का बघा. हे तीन कागद आमच्याकडे नेहमी असतात आणि नेमके हेच कोणी मागत नाही.

दर्जाची हमी नाही, असंही सूचनेत आहे. मी सेंद्रियचा फलक लावत नाही, कारण मी फवारणी करते. वांग्यावर शेंडे आणि फळ पोखरणारी अळी आली की काहीही न करता वांगं खायला मिळत नाही. पण कधी फवारलं ते मी विचारणाऱ्याला सांगते, आणि फवारणीनंतर ठरलेले दिवस गेल्याशिवाय तोडत नाही. पाण्याचंही सांगते. आमच्या तालुक्याच्या काही भागाला पुरंदर उपसा योजनेतून मुळा-मुठेचं पाणी येतं, म्हणजे तुमच्याच शहरातून गेलेलं. माझं भाजीचं रान विहिरीवर आहे. येऊन बघा, बस आहे. कंपनीच्या केंद्रात आठ गावांचा माल एका क्रेटमध्ये पडल्यावर कोणतं वांगं कोणत्या पाण्याचं हे कोण सांगणार?

कचरा आणि पार्किंगची तक्रार रास्त आहे. त्यावर वाद नाही. पाला आम्ही पोत्यात भरून नेऊ, गाईला होतो. टेम्पो माल उतरवून बाहेर लावू.

राहता राहिलं भाडं. कंपनी महिन्याला अठरा हजार देणार आणि तेवढा मेंटेनन्सचा भार हलका होणार, असं सूचनेत आनंदानं लिहिलंय. तुमच्याकडे सहाशे फ्लॅट आहेत. भागाकार केला तर फ्लॅटमागे महिना तीस रुपये होतात. ते तीस रुपये कंपनी कुठून काढणार? तुमच्या भाजीतून आणि माझ्या मेथीतून, दुसरीकडून येणार कुठून? भाडं घ्यायचंच असेल तर आमच्याकडून घ्या. टेबलामागे ठरवा, पावती द्या. फुकट जागा आम्ही मागितलेली नाही. सासऱ्यांची घोषणा वर लिहिलीच आहे.

आणि त्याच सूचनेत सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, गच्चीवरच्या कुंड्या काढून टाका असा हुकूम आहे. ह्याच्याशी माझा संबंध नाही असं तुम्ही म्हणाल. पण त्या कुंड्यांसाठी शेणखत माझ्या टेम्पोतून आलंय. बी विंगमधल्या एका आजींनी तिथं मिरची, टोमॅटो आणि गवती चहा लावलाय. त्यांची मिरची माझ्यापेक्षा तिखट आहे आणि त्या मला ती देऊन बदल्यात शेपू नेतात. गौरी येतील त्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य लागतो, तेव्हा तर त्या आधीच सांगून ठेवतात. गळतीची भीती असेल तर कुंड्यांखाली ताटल्या ठेवायला सांगा, वॉटरप्रूफिंग करून घ्या. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला स्वतः लावलेली मिरची तोडून खायला ज्या इमारतीत परवानगी लागते, तिथं शेतकऱ्याच्या भावाचं काय होणार हे मला आधीच कळायला हवं होतं.

तुमचं एक उत्तर मला ठाऊक आहे : जागा आमची, निर्णय आमचा. जागा तुमची आहे, कबूल. आमच्या तालुक्यात विमानतळासाठी सात गावांची जमीन मागताहेत, त्या गावांत माझे नातेवाईक आहेत. आपली जागा आपली असण्याची किंमत आम्हाला कोणी शिकवायला नको. पण जागा सहाशे घरांची आहे, समितीच्या खोलीत बसलेल्यांची नाही. तुमची संस्था १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली आहे, आमच्या गावची विकास सोसायटीही त्याच कायद्याखाली आहे, म्हणून मला एवढं माहीत आहे की ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. हा विषय तिथं आणा. सभासदांनी बहुमतानं आम्हाला नको म्हटलं तर मी टेबल उचलते आणि पुन्हा पत्र लिहीत नाही.

मागण्या अशा आहेत. सर्वसाधारण सभा होईपर्यंत ठराव स्थगित ठेवा आणि कंपनीबरोबरचा करार सभासदांना वाचायला द्या, मराठीतून. सभेत आमच्यापैकी एकाला दहा मिनिटं बोलू द्या. मी बोलेन, किंवा वेल्ह्याहून नाचणी आणि रानभाज्या आणणाऱ्या मावशी बोलतील, त्या माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगतात. रविवारी सकाळी सात ते दहा ही वेळ पिकवणाऱ्यांसाठी ठेवा. ज्याच्याकडे सातबारा, पीकपाहणी आणि शिक्क्याचा काटा आहे त्या कोणालाही येऊ द्या, आज जे येतात तेवढ्यांनाच नव्हे. ही जागा माझ्या नावावर कायमची करून मागत नाही. उद्या माझ्यापेक्षा चांगली मेथी घेऊन कोणी आलं तर त्याची खपू दे. भाव ज्यानं त्यानं आपल्या फळ्यावर लिहावा, त्यात समितीनं पडू नये आणि कंपनीनंही. अन्न परवाना आणि जीएसटी मागणं बंद करा. एक टेबल गच्चीवाल्यांसाठी ठेवा, ज्यांच्या कुंडीत घरच्यापेक्षा जास्त निघेल त्यांनी तिथं मांडावं, विकावं किंवा बदलून न्यावं.

स्थगिती मिळाली नाही तर आम्ही पलीकडच्या रस्त्याला एका मंगल कार्यालयाच्या मोकळ्या जागेत बसणार आहोत. मालकांशी बोलणं झालंय, भाडं ठरलंय. माझ्या गिऱ्हाइकांनी काळजी करू नये. पण तुमच्या इथल्या आजी-आजोबांना तो रस्ता ओलांडणं जमणार नाही, म्हणून हा खटाटोप.

उत्तर लेखी द्या आणि सभेची तारीख लवकर कळवा. मेथी पेरल्यापासून महिन्याभरात काढायला येते. तारीख कळली की त्या बेतानं वाफे टाकता येतील. वॉचमनदादांकडे दिलंत तरी चालेल, त्यांच्याकडून आमच्यापर्यंत सगळं पोचतं.

कळावे,
आपली,
पुरंदर तालुक्यातली एक शेतकरी